दफ्तराची परीक्षा : फाइल-व्यवस्थेतील दोषांचा शोध



गडहिंग्लजहून चंदगडकडे निघाले की वाटेत नेसरी लागते. प्रतापराव गुजर यांनी २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चाल केली, ती याच परिसरात. त्यांचे स्मारकही येथे उभे आहे. हा प्रसंग महाराष्ट्रात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या सहा साथीदारांची नावे विचारली, तर सर्वत्र एकच यादी मिळत नाही. पराक्रम लोकांच्या स्मरणात राहिला, नावांची नोंद मात्र पक्की राहिली नाही. नोंदीचे मोल काय असते, हे नेसरीच्या पंचक्रोशीला निराळे सांगावयास नको.

आज गावची नोंद कोठे असते? सातबारा, फेरफार, आठ-अ, ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, १९६९ च्या कायद्यान्वये होणाऱ्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, या सर्वांचा मोठा भाग आता संगणकात आहे. कागदी दफ्तराचे शत्रू सर्वांच्या परिचयाचे होते. वाळवी लागली की भुगा पडे, ओल आली की वास येई, उंदराने कुरतडले की तुकडे दिसत. बिघाड डोळ्यांना दिसे आणि म्हणून त्यावर वेळीच इलाज करता येई. संगणकातील दफ्तराचे तसे नाही. तेथे एखादे पान नाहीसे झाले, किंवा एका फाइलीच्या जागी दुसऱ्या फाइलीचा मजकूर येऊन बसला, तरी वरून कपाट जसेच्या तसे दिसते. ती फाइल कोणी उघडीपर्यंत या हानीची वार्ताही लागत नाही. दाखला मागावयास माणूस दारात उभा राहतो, तेव्हा ती उघडली जाते.

या हानीची कारणे अनेक आहेत. चकती झिजते, वीज अवेळी जाते, कोणी चुकीची कळ दाबतो. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय याहून निराळा आणि थोडा आडवाटेचा आहे. दफ्तर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष असेल तर काय, आणि तो दोष गावच्या नोंदी बिघडण्यापूर्वी कसा शोधून काढावा, हा तो विषय होय.

संगणकाच्या चकतीवर माहिती कोठे आणि कशी ठेवावयाची, हे ठरविणाऱ्या प्रोग्रॅमला फाइल-व्यवस्था म्हणतात. चकती म्हणजे कोट्यवधी कोऱ्या पानांची एक अवाढव्य वही, असे समजावे. प्रत्येक पानास क्रमांक असतो. वहीच्या आरंभी एक मुख्य पान असते. त्यावर एकूण पाने किती, याद्या कोठे आहेत, इत्यादी तपशील असतो. कोणती पाने भरली व कोणती कोरी आहेत, याची एक यादी असते. प्रत्येक फाइलीची स्वतंत्र नोंद असते व तीत ती फाइल कोणकोणत्या पानांवर पसरली आहे, ते लिहिलेले असते. याशिवाय नावांची सूची असते. म्हणजे खुद्द मजकुराखेरीज मजकुराविषयीचा बराच मजकूर व्यवस्थेला सांभाळावा लागतो. मजकुराचे एक अक्षर बिघडले तर एक अक्षरच जाते. या याद्यांतील एक आकडा बिघडला तर अख्खे कपाट हरवू शकते.

बहुतेक आधुनिक फाइल-व्यवस्था याखेरीज एक कीर्दही ठेवतात. व्यापारी ज्याप्रमाणे दिवसाचा व्यवहार प्रथम कीर्दीत टिपतो व मग खातेवहीत उतरवितो, त्याप्रमाणे ही व्यवस्था याद्यांत करावयाचा फेरबदल आधी कीर्दीत लिहिते आणि मागाहून तो मूळ जागी नेते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना कीर्द वाचून अपुरे राहिलेले काम पुरे करता येते. कल्पना जुनी आहे, आणि उत्तम आहे. कीर्द लिहिण्याच्या व वाचण्याच्या कामात मात्र चूक होता कामा नये.

हा सर्व खटाटोप केवळ मोठ्या शहरांतील यंत्रांचा आहे, असे कोणी समजू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करू लागला. त्याने घेतलेले पिकाचे छायाचित्र आधी त्या फोनमध्ये उतरते. अँड्रॉइड फोनांत सहसा एक्स्ट-४ किंवा एफ२एफएस यांपैकी एक फाइल-व्यवस्था असते. दोन्ही लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, भाग आहेत. जगातील असंख्य सर्व्हर याच गाभ्यावर चालतात. तेव्हा नेसरीच्या शिवारातील फोन आणि दूरच्या माहिती-केंद्रातील यंत्र यांचे दफ्तरदार पुष्कळदा एकाच घराण्यातील असतात. या दफ्तरदाराच्या कामातील चूक सर्वांनाच भोवते.

आता चूक शोधावयाची कशी? प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य स्वतःच्या प्रोग्रॅमची परीक्षा घेतो खरा. पण ज्या शक्यता त्याच्या मनात आल्या, त्यांचीच तो परीक्षा घेतो. ज्या मनात आल्याच नाहीत, तेथेच दोष लपलेला असतो. शिक्षकांना हे सहज पटेल. स्वतः शिकविलेल्या धड्यावर स्वतःच काढलेल्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याचे खरे अज्ञान क्वचितच उघडे पडते.

या अडचणीवरचा एक उपाय पावसाने सुचविला. सन १९८८ मधील गोष्ट. अमेरिकेतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर हे एका वादळी रात्री घरून, दूरध्वनीच्या तारेवरून, विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. पाऊस व विजांमुळे तारेत खरखर होऊ लागली आणि त्यांनी न टंकलेली अक्षरे मध्येमध्ये शिरू लागली. तारेत बिघाड होणार, याचे त्यांना नवल वाटले नाही. नवल वाटले ते याचे, की त्या निरर्थक अक्षरांमुळे नित्य वापरातले, नावाजलेले प्रोग्रॅम कोलमडून पडत होते. एखाद्या प्रोग्रॅमने चुकीचा मजकूर नाकारावा, हे ठीक. परंतु त्याने मान टाकावी, हे बरे नव्हे. मिलर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तोच प्रकल्प दिला. हेतुतः अर्थहीन, विस्कळीत मजकूर निर्माण करावयाचा आणि तो प्रोग्रॅमला पुरवून काय होते ते पाहावयाचे. १९९० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. तपासलेल्या युनिक्स प्रणालीच्या कोणत्याही आवृत्तीतील २५ ते ३३ टक्के प्रोग्रॅम अशा रीतीने कोलमडले होते. या पद्धतीस त्यांनी फझ असे नाव दिले. तारेतल्या त्या खरखरीला शोभेल असेच ते नाव आहे, आणि मराठीतही फझ चाचणी हाच शब्द रूढ होत आहे.

फाइल-व्यवस्थेची फझ चाचणी याच तत्त्वावर चालते. प्रत्यक्ष चकतीला हात लावला जात नाही. एका लहानशा चकतीची हुबेहूब प्रतिमा एका फाइलीत तयार करतात. तिच्यातील काही बाइट, म्हणजे काही अक्षरे, जाणूनबुजून बदलतात. मग ती बिघडविलेली प्रतिमा एका आभासी संगणकाला जोडून तीवर नेहमीचे व्यवहार करावयास लावतात : फाइल उघड, नाव बदल, पुसून टाक, नवी लिही. व्यवस्थेने बिघाड ओळखून काम नाकारले, तर ती उत्तीर्ण. ती कोलमडली, गोलगोल फिरत राहिली, किंवा स्मृतीच्या नको त्या कप्प्यात लिहू लागली, तर दोष सापडला. हे लक्षावधी वेळा करावयाचे असते, आणि न कंटाळता. म्हणूनच ते यंत्राकडे सोपविलेले बरे.

आरंभीची साधने आंधळी होती. तरीही नोव्हेंबर २००६ मध्ये काही संशोधकांनी महिनाभर रोज एक याप्रमाणे निरनिराळ्या प्रणालींच्या गाभ्यांतील दोष जाहीर केले, तेव्हा त्यांतील बरेच अशा बिघडविलेल्या प्रतिमांनी उघडकीस आणलेले होते. पुढे २०१३ मध्ये मिखाउ झालेव्स्की यांनी एएफएल हे साधन प्रसिद्ध केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, दिलेला मजकूर प्रोग्रॅमच्या कोणत्या वाटांनी गेला, याची ते नोंद ठेवते. एखाद्या बदलामुळे आजवर न चोखाळलेली वाट उघडली, तर तो बदल जपून ठेवून त्यात पुढचे बदल करावयाचे. अंधारात दगड मारण्याऐवजी, जेथून आवाज आला तिकडे पुन्हा दगड मारण्यासारखे हे आहे.

ओरॅकल कंपनीतील व्हेगार्ड नोसुम आणि क्वेंटिन कासास्नोव्हास यांनी हे साधन लिनक्सच्या फाइल-व्यवस्थांकडे वळविले व २०१६ मध्ये आपले अनुभव मांडले. पहिला दोष सापडावयास किती वेळ लागला, याचे त्यांचे आकडे बोलके आहेत. बीटीआर-एफएस या व्यवस्थेत पाच सेकंद, एफ२एफएसमध्ये दहा सेकंद, एक्सएफएसमध्ये पावणेदोन तास, एक्स्ट-४ मध्ये दोन तास. या आकड्यांवरून गुणानुक्रम लावण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. वेळ लागला याचा अर्थ दोष कमी, असा सरळ होत नाही. चाचणीची वाटच तेथे अवघड असू शकते. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. वर्षानुवर्षे लोकांच्या वापरात असलेली, नामवंतांनी लिहिलेली व्यवस्थादेखील दोन तास टिकली, तिसरा तास टिकली नाही.

येथे एक गंमतीची अडचण उभी राहते. जमाखर्चाच्या पानाखाली जशी बेरीज असते, तशी अनेक नव्या व्यवस्था याद्यांच्या प्रत्येक पानावर एक पडताळा-अंक ठेवतात. पानातील एक अक्षर बदलले तरी हा अंक जुळत नाही आणि व्यवस्था ते पान तत्काळ नाकारते. नैसर्गिक बिघाडापासून हे मोठे संरक्षण आहे. चाचणी घेणाऱ्याची मात्र यात पंचाईत होते, कारण त्याने केलेला प्रत्येक बिघाड दारातच अडविला जातो आणि आतल्या खोल्यांची परीक्षाच होत नाही. मग बदल केल्यावर पडताळा-अंकही नव्याने मांडून द्यावा लागतो. अफरातफर करणारा लेखनिक बेरीजही जुळवून ठेवतो, तसेच हे. जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये जेनस नावाचे साधन मांडले, त्यात ही सोय होती. शिवाय प्रतिमा बिघडविणे आणि तीवरचे व्यवहार बदलत राहणे, या दोन्ही गोष्टी ते एकत्र करी. त्या साधनाने ९० दोष शोधले व त्यांपैकी ६२ नवे म्हणून मान्य झाले.

या गटातील वेन शू यांनी २०१८ मध्ये एक्स्ट-४ विषयी कळविलेल्या दोषांपैकी एक दोष तपशिलाने पाहण्याजोगा आहे. वहीच्या आरंभी याद्यांची एक सूची असते, हे वर आलेच आहे. कोऱ्या पानांची यादी अमुक पानावर आहे, असे ती सूची सांगते. तो पान-क्रमांक वहीच्या हद्दीत आहे ना, एवढे व्यवस्था तपासत असे. पण बिघडविलेल्या प्रतिमेत तो क्रमांक खुद्द सूचीच्याच पानाचा होता! क्रमांक हद्दीत होता, त्यामुळे तपासणीत तो उत्तीर्ण झाला. मग नवी फाइल लिहिताना व्यवस्थेने इमानेइतबारे कोऱ्या पानांच्या यादीत खूण केली आणि ती खूण सूचीवरच उमटली. आता सूची बिघडली. तिच्या आधारे झालेला पुढचा प्रत्येक व्यवहार अधिकाधिक भलतीकडे गेला. यात प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे होती. नियमांत तेवढे एक वाक्य नव्हते, की यादी आणि सूची एकाच पानावर असता कामा नयेत.

एक्स्ट-४ ची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांनी ती तपासणी घातली. गोष्ट येथे संपली असती तर ती सांगण्याचे कारणही नव्हते. थोड्याच दिवसांत असे दिसून आले की, ही नवी तपासणी चुकीच्या वेळी होत होती. सूची किती पाने व्यापते, हा आकडा मांडला जाण्याआधीच ती आटोपत असे. साहजिकच सर्वसाधारण चकत्यांच्या बाबतीत ती काहीच पकडत नव्हती. उलट, एका विशिष्ट रचनेच्या निर्दोष चकत्यांना मात्र एका पानाच्या फरकाने दोषी ठरवून ती दारातून परत पाठवीत होती. चोर सुटत होता आणि पाहुणा अडविला जात होता. २०१८ च्या उन्हाळ्यातच हीही दुरुस्ती झाली. ज्यांनी परिपत्रके काढली आहेत, किंवा ती राबविली आहेत, त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. दोष शोधणे हे अर्धे काम. दुरुस्तीची परीक्षा हे उरलेले अर्धे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत व्यवस्था कोलमडली, म्हणून दोष कळला. पण दफ्तराचा खरा घात करणारा दोष गाजावाजा करीत नाही. व्यवस्था चालू राहते, पडद्यावर काही तक्रार उमटत नाही, आणि माहिती मात्र चुकीची असते. तो कसा ओळखावा?

महसूल खात्याच्या अनुभवाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविताना चुका राहिल्या, तेव्हा २०१७ मध्ये राज्यभर चावडी-वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर सातबारा वाचावयाचा आणि ज्याचा त्याने आपला उतारा पडताळून पाहावयाचा. येथे मूळ कागद हाताशी होता व मूळ मालकही समोर होता. फझ चाचणीत मात्र मूळ कागदच नसतो, कारण बिघडविलेली प्रतिमा ही मुळातच बनावट असते. तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या पडताळणीचा आधार घ्यावा लागतो, आणि तोही महसुली कामात परिचित आहे. एका गटातील सर्व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज त्या गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असली पाहिजे. एकाच गटाचे दोन स्वतंत्र सातबारे असता कामा नयेत. फेरफार क्रमांक सातबारावर असेल, तर तो फेरफार नोंदवहीत सापडला पाहिजे. कोणाचे नाव खरे, हे या नियमांवरून कळत नाही; परंतु कोठेतरी काहीतरी खोटे आहे, हे निश्चित कळते.

फाइल-व्यवस्थेचे नियमही याच जातीचे आहेत. एक पान दोन फाइलींच्या मालकीचे असू नये. भरलेल्या पानांची यादी आणि प्रत्यक्ष भरलेली पाने यांचा मेळ बसावा. एका फाइलीला किती नावे आहेत, हा आकडा सूचीतील नावांच्या मोजणीशी जुळावा. प्रत्येक व्यवहारानंतर हे नियम पाळले गेले की नाही, ते पाहावयाचे. जॉर्जिया टेकमधीलच एका गटाने २०१९ मध्ये हायड्रा हे साधन याच हेतूने मांडले. त्यात असे निरनिराळे पडताळे एकत्र जोडता येत होते व त्याने ९१ नवे दोष उघड केले.

वीज जाण्याचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. मृगाच्या पहिल्या वादळात गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात वीज किती वेळा जाते, ते श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. व्यवस्थेने एखादे काम पुरे झाल्याचे सांगितले आणि लगेच वीज गेली, तर परत आल्यावर ते काम जागेवर असावयास हवे. तसा तिचा करार आहे. तो ती पाळते काय? ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात जयश्री मोहन, विजय चिदंबरम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये याची परीक्षा मांडली. त्यांची पद्धत फझ चाचणीची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण म्हणावी लागेल. दैवावर न सोडता त्यांनी लहान लहान व्यवहारांची सर्व संभाव्य जुळणी क्रमाने तयार केली. एक, दोन किंवा तीन कामे करावयाची, जपून ठेव असा आदेश द्यावयाचा, त्याच क्षणी वीज गेल्याचे सोंग करावयाचे, आणि पुन्हा सुरू करून काय शिल्लक आहे ते पाहावयाचे. अशा ३३ लाखांहून अधिक जुळण्या ६५ यंत्रांवर दोन दिवसांत तपासण्यात आल्या.

लिनक्सच्या प्रचलित फाइल-व्यवस्थांत त्यांना दहा नवे दोष सापडले. त्यांतील सात २०१४ पासून तेथे होते. कित्येकांचा परिणाम असा की, जपून ठेवलेली फाइल वीज परत आल्यावर नाहीशी होते. ज्या व्यवस्थेची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध केलेली होती, अशा एका संशोधन-प्रकल्पातील व्यवस्थेतही एक दोष निघाला. या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र आकड्यांत नाही. दोष उघडकीस आणण्यासाठी दोन-तीन साध्या कामांची जोडी पुरेशी होती, ही ती गोष्ट होय. फाइलीचे नाव बदलले, त्याच जुन्या नावाने नवी फाइल केली, जपून ठेवली, आणि वीज गेली. एखादा लिपिक दिवसातून दहा वेळा करतो, असे हे काम आहे.

दोष सापडल्यानंतर तो कळविण्याची एक शिस्त आहे. प्रथम तो लहानात लहान करावा लागतो. शंभर व्यवहारांनंतर व्यवस्था कोलमडली, तर त्यांतील एकेक व्यवहार वगळून पाहावयाचे. अखेरीस चार शिल्लक राहिले, की दोषाचे नेमके ठिकाण दिसू लागते. मग तो दोष गाभ्याच्या कोणत्या आवृत्तीत शिरला, ते शोधावयाचे. हजार फेरबदल असतील, तर मधला घेऊन पाहावयाचे, दोष असेल तर आधीचा अर्धा भाग, नसेल तर नंतरचा; दहा पायऱ्यांत मूळ सापडते. दुरुस्ती पुष्कळदा दोन-चार ओळींचीच असते. ती उघडपणे सर्वांसमोर मांडली जाते, इतर जाणकार तीत खोडी काढतात, आणि मान्य झाल्यावर मूळ दोषाची चाचणी कायमच्या परीक्षासंचात जाते, म्हणजे तोच दोष पुन्हा आला तर पकडला जाईल. गूगल कंपनीत दिमित्री व्युकोव यांनी आरंभिलेल्या सिझकॉलर या साधनाच्या आधारे २०१७ पासून हे शोधाचे व कळविण्याचे काम यंत्रच अहोरात्र करीत आहे. हजारो दोष त्याने कळविले आहेत. पुण्यातील व्हेरिटास कंपनीच्या केंद्रात साठवण-प्रणालींवर अनेक वर्षे काम झाले. तेव्हा हे क्षेत्र महाराष्ट्रातील अभियंत्यांना परके नाही. गाभ्याचा प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो, आणि दोष कळविण्यास पदवीचा दाखला लागत नाही.

हजारो दोष कळविले गेले, म्हणजे हजारो दुरुस्त झाले, असे मात्र नाही. येथे खरा वाद आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. व्यवस्था लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांचे म्हणणे असे की, यंत्राने मुद्दाम रचलेला बिघाड निसर्गात कधीच होत नाही. पडताळा-अंक जुळवून दिलेली खोटी प्रतिमा हा चकतीचा दोष नसून माणसाचा कावा आहे. आणि परकी चकती जोडण्याचा अधिकार कोणास द्यावयाचा, हे ठरविणे फाइल-व्यवस्थेचे काम नव्हे. मूठभर माणसे देखभाल करतात, यंत्र मात्र रोज नवी यादी पाठविते. त्यांनी खऱ्या वापरकर्त्यांच्या तक्रारी आधी पाहाव्या की या? जोडलेल्या चकतीवर मागच्या दाराने थेट लिहून व्यवस्थेला फसविणाऱ्या चाचण्यांविषयी तर एवढी कुरबुर झाली, की २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.८ या आवृत्तीत असे लिहिणेच बंद करण्याची सोय द्यावी लागली.

दुसरी बाजू पेन ड्राइव्हची आहे. शाळेतून पंचायतीत, पंचायतीतून तालुक्याला, तेथून झेरॉक्सच्या दुकानात, असा एकच पेन ड्राइव्ह फिरत असतो. तो खोचला की संगणक न विचारता आतील व्यवस्था वाचू लागतो. परकी चकती कोणी जोडावी, याचा निर्णय अधिकाऱ्याने घ्यावा, हे तत्त्व योग्य असले तरी प्रत्यक्षात तो निर्णय खोचणाऱ्या हाताने घेतलेला असतो. रचलेला बिघाड निसर्गात होत नाही हे खरे, पण रचणारी माणसे आहेत. तेव्हा लेखकांची तक्रार न्याय्य असली, तरी तिच्यामुळे धोका टळत नाही, असेच म्हणावे लागते. जी व्यवस्था सांभाळावयास कोणी उरले नाही, ती काढून टाकणे हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. रायझर-एफएस ही एके काळची लोकप्रिय व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ या आवृत्तीतून वगळण्यात आली.

दूर कोठेतरी झालेली दोन ओळींची दुरुस्ती नेसरीतील टेबलावरच्या यंत्रापर्यंत पोहोचते ती अद्ययावत आवृत्तीच्या वाटेने. ती वाट अनेक कार्यालयांत तुंबलेली असते. सूचना येते, काम तातडीचे असते, नंतर पाहू म्हणून ती बाजूला सारली जाते, आणि २०१८ मध्ये दुरुस्त झालेला दोष पुढे कित्येक वर्षे त्या यंत्रात सुखाने नांदतो. दुसरी गोष्ट संगणकाच्या तक्रारीची. एक्स्ट-४ वापरणाऱ्या अनेक यंत्रांत व्यवस्थेला याद्यांत विसंगती आढळली, की ती चकती केवळ वाचण्यापुरती खुली ठेवून लिहिणे बंद करते. हा तिचा शहाणपणा आहे. जेथे संशय आहे तेथे आणखी लिहून घोळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ. पण कामाच्या घाईत यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते, लिहिणे सुरू होते, आणि विसंगती आतच राहते. विंडोज वापरणाऱ्या यंत्रांतही अवेळी वीज गेल्यानंतर सुरू होताना चकती तपासण्याचा प्रस्ताव येतो व तो टाळावयाचा असेल तर कोणतीही कळ दाबा, असे पडद्यावर लिहून येते. ती कळ किती तत्परतेने दाबली जाते, हे ज्या त्या कार्यालयाने स्वतःशी आठवून पाहावे. तपासणीस वेळ लागतो. मोठ्या चकतीला तासही लागू शकतो. तेवढ्या वेळात बाहेर रांग वाढते, ही अडचण खरी आहे. म्हणून ती तपासणी कार्यालयीन वेळेनंतर, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या चकतीवर काढून घेऊन मगच करावी. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅमही प्रोग्रॅमच आहे, आणि बिघडलेल्या याद्या जुळविताना ज्या पानांचा मालक सापडत नाही, ती पाने तो एका कोपऱ्यात नुसत्या क्रमांकाने ठेवून देतो. लिनक्समध्ये त्या कोपऱ्याला हरवले-सापडले अशा अर्थाचे नाव आहे. तेथील फाइली उघडून, कोणती कोणाची ते ओळखून, त्या पुन्हा जागेवर लावण्याचे काम यंत्राला येत नाही. ते त्या गावचे दफ्तर ज्याला ठाऊक आहे, त्या माणसालाच करावे लागते.